आभासी स्मृतीचं निर्लेखन

“तुमची मेमरी कमी पडतेय,” असं धर्मराज गाढे सरांना तोंडावर सांगण्याची हिंमत जालन्याच्या अख्ख्या मस्तगडात कुणाची नव्हती. शेवटी ती एका यंत्राने केली.

संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक पिवळा फुगा वर आला आणि त्यात इंग्रजीत लिहून आलं, की आपली व्हर्च्युअल मेमरी फार कमी आहे. सरांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग उठून दार लोटून घेतलं. शेजारचे पुंजारामअप्पा ओट्यावर बसले होते आणि इंग्रजी येत नसलं, तरी दुसऱ्याचा अपमान त्यांना कुठल्याही भाषेत कळत असे.

सरांची स्मरणशक्ती ही साधी गोष्ट नव्हती. अठ्ठावीस वर्षं ते इतिहास शिकवत होते आणि हजेरीपट न उघडता हजेरी घेत होते. एक्क्याऐंशी सालच्या दहावी ‘अ’ची बावन्न पोरं ते आजही एका दमात म्हणून दाखवत आणि त्यात गैरहजर कोण असायचं तेही सांगत. डायरी, चिठ्ठी, रुमालाला गाठ हे सगळे प्रकार त्यांना दुबळ्या माणसांचे वाटायचे. मूळ गाव भोकरदनकडचं धावडा, आडनाव गाढे. पुढचं ‘विद्वान’ लोकांनी आपल्या मनाने लावून घ्यावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. विद्यार्थी मात्र मात्रा काढून पुढे ‘व’ लावत.

हा संगणक सरांचा नव्हता, शाळेचा होता. शाळेचं नाव सांगत नाही, कारण शाळा अजून चालू आहे. साल दोन हजार पाच. शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी सभेत जाहीर करून टाकलं होतं, की जानेवारीच्या बारा तारखेला सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघणार. स्मरणिका म्हटल्यावर स्मरण कुणाचं दांडगं, हे विचारायची गरजच नव्हती. सरांनी उभं राहून संपादकपद स्वीकारलं आणि त्याच दमात एक प्रतिज्ञाही करून टाकली. स्मरणिका संपूर्ण संगणकावर होईल, कागदाचा एक चिटोरासुद्धा शिल्लक ठेवणार नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणसाला प्रतिज्ञा मागे घेता येत नाही.

शाळेत ज्या खोलीत संगणक होता तिथे वीज टिकत नव्हती, आणि जिथे वीज टिकत होती तिथे पोरांची खिचडी शिजत होती. म्हणून ते यंत्र हातगाड्यावर घालून, वर चादर टाकून, मस्तगडात सरांच्या पुढच्या खोलीत आणलं गेलं. गल्लीतल्या चार बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. त्यांना फ्रीज वाटला होता.

आता मजकूर गोळा करायचा तर दारोदार फिरावं लागणार. म्हणजे काम पायांचं होतं आणि सरांची ख्याती डोक्याची होती. तेव्हा फिरल्या त्या उषाबाई, सरांच्या पत्नी. दोन महिने ऊन-वारा न बघता त्यांनी जुन्या मास्तरांची, शिपायांची, माजी विद्यार्थ्यांची घरं पालथी घातली, समोर बसून ऐकलं आणि ऐकलेलं पाठकोऱ्या कागदांवर लिहून आणलं. त्यातली एक आठवण त्यांच्या जिवाला फार लागली होती. ती होती द्वारकाबाईंची. द्वारकाबाईंनी शाळेची घंटा एकतीस वर्षं दिली. उषाबाईंना त्यांनी सांगितलं होतं :

“बहात्तरच्या दुष्काळात पोरं उपाशी येयची, बाई. मधल्या सुट्टीत सुकडी भेटायची, तेवढ्यासाठी शाळंत येयची. मंग मी काय करायची, मधल्या सुट्टीची घंटा रोज धा मिन्टं आधी द्यायची. हेडमास्तर आपलंच घड्याळ मागं पडलं म्हनून किल्ली देत बसायचे. पोटाला काय घड्याळ कळतं का? कुनाला सांगितलं न्हाई मी आजवर. आता काय, नोकरी काय जाऊन राह्यली थोडीच.”

हे सांगितलं नवरात्रात, आणि दिवाळीच्या पाडव्याला द्वारकाबाई गेल्या. उषाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. सरांनी तो मजकूर दोन बोटांनी संगणकात घातला, बाकी सगळाही घातला, आणि कागदांचा ढीग बायकोपुढे सरकवत म्हणाले, “हे रद्दीत टाक. आता सगळं यात आहे.”

उषाबाई “हो” म्हणाल्या. त्यांचं ‘हो’ दर वेळी होकारार्थीच असतं असं नाही, एवढी एकच गोष्ट सरांना सत्तावीस वर्षांच्या संसारात लक्षात ठेवता आली नव्हती.

तर असं सगळं यथासांग चाललेलं असताना तो पिवळा फुगा वर आला. सरांनी तो मिटवला, तो पुन्हा आला. अखेर निरोप गेला महेमूदभाईंना. महेमूदभाईंचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. आधी ते रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, आता संगणक. यंत्रं बदलली तरी त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर तोच होता.

“सर, ह्याच्यात रॅम लय कमी आहे,” महेमूदभाई यंत्राचं पोट उघडून म्हणाले. “एकशे अठ्ठावीस. फोटो लावायचं काम म्हटल्यावर एक जीबी तर पायजेच. मंग बिलकुल टेन्शन न्हाई.”

दार लोटलेलं होतं, पण अप्पा आत आलेलेच होते. पुंजारामअप्पा एसटीच्या डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. कुणाची गाडी कुठून कुठे आणि किती वाजता जावी, हे सांगायची सवय अजून गेली नव्हती.

“काय म्हनले, राम कमी आहे?” अप्पांनी विचारलं.

“रॅम, अप्पा. रॅम.”

“तेच म्हनून राह्यलो मी. यंत्रात राम न्हाई म्हटल्यावर ते चालंल कसं? जांबला जाऊन या तुम्ही. समर्थांचं गाव. घनसावंगीची गाडी धरा. तिथं राम कमी पडायचा न्हाई.”

सर जांबला गेले नाहीत. त्यांनी पुण्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला (नंबर अर्थातच तोंडपाठ), आणि त्याने चार दिवसांत कुरियरने रॅमच्या दोन पट्ट्या पाठवल्या. एक जीबी! त्या काळात जालन्यात भल्याभल्यांकडे एवढी नव्हती. पण सर गेले नाहीत म्हणून अप्पा स्वतः जांबला जाऊन आले. प्रसाद आणला आणि मूठभर गुलालही. महेमूदभाईंनी पट्ट्या बसवून यंत्र चालू केलं, तेव्हा अप्पांनी मागच्या बाजूने ‘जय श्रीराम’ म्हणत गुलाल वाहिला. मागच्या बाजूला पंखा होता. गुलाल जितका वाहिला तितका परत आला, तो सरांच्या पांढऱ्या शर्टावर. वेळ नव्हता म्हणून सर तसेच शाळेत गेले आणि पतसंस्थेच्या निवडणुकीत निवडून आल्याबद्दल दिवसभर अभिनंदन स्वीकारत बसले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण शाळेत कचरूबाबू होते.

कचरूबाबू म्हणजे शाळेचे लिपिक. शाळेत खडूचा तुकडा आला तरी तो त्यांच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीतून वाट काढत यावा लागे. टेबल, खुर्ची, घंटा, पृथ्वीचा गोल (फुटलेला), सांगाडा (अपूर्ण) हे सगळं त्या वहीत होतं. यंत्रात नवी वस्तू बसली म्हटल्यावर त्यांनी कारागिराचा लेखी तपशील मागितला. महेमूदभाईंनी प्रामाणिकपणे, फक्त ‘एमबी’ लिहायचं विसरून, चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘रॅम दोन पट्ट्या. व्हर्च्युअल मेमरी १५३६. बाकी ठीक.’ कचरूबाबूंनी लाल रेघ मारून नोंद केली : रॅम, नग दोन. व्हर्च्युअल मेमरी, नग एक हजार पाचशे छत्तीस.

तिकडे सरांच्या मनात वेगळीच खळबळ चालली होती. रॅम कमी होती हे ठीक. पण फुग्याने नाव घेतलं होतं व्हर्च्युअल मेमरीचं. ही बया कोण? त्यांनी शब्दकोश काढला. व्हर्च्युअल म्हणजे आभासी. आभासी स्मृती! सर ताडकन उठले आणि महेमूदभाईंचं दुकान गाठलं.

“म्हणजे ही खोटी मेमरी?”

“खोटी न्हाई सर. ह्याचं असं आहे,” महेमूदभाई हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवून म्हणाले. “हे टेबल बघा माझं. कामाचा माल टेबलावर. जो आत्ता नको, तो मी वर माळ्यावर टाकून राह्यलो. लागला की खाली घेतो. तसं मशीन पन करतं. डिस्कवर एक फाइल असती, पेज फाइल म्हनतात. रॅममधून जास्तीचं झालं की पानं तिथं नेऊन ठेवतं. तो त्याचा माळा.”

“पण आता माझं टेबल मोठं झालंय. एक जीबी! मग माळा कशाला?”

“टेबल कितीबी मोठं घ्या सर, माळा लागतोच. हात लावू नका त्याला.”

‘हात लावू नका’ हे शब्द मास्तरांना उद्देशून कधी वापरू नयेत. सर घरी आले. खरी स्मृती मुबलक असताना आभासी स्मृती बाळगणं हा त्यांना पदराआड झाकलेला खोटेपणा वाटला, आणि नाव तर धर्मराज. त्यांनी एकामागून एक सहा खिडक्या उघडल्या, ‘पेजिंग फाइल नको’ या ओळीपुढच्या गोळ्यात ठिपका दिला आणि ठीक आहे म्हटलं. यंत्राने एकदा इंग्रजीत विचारलं, नक्की ना? सरांनी मराठीत सांगितलं, नक्की.

आणि यंत्र चाललं की हो! पूर्वीपेक्षा जोरात चाललं. सरांनी दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ‘स्वावलंबी स्मृती’ या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं. माणसाचं डोकं खंबीर असलं की कागद, कुबड्या, माळे काहीही लागत नाहीत. हे पोसलेलं ओझं आपण एका टिचकीत काढून टाकलं, असं त्यांनी सांगितलं. चित्रकलेच्या सरांनी डुलकीतून मान हलवली. कचरूबाबू मात्र दारात उभे राहून कान देऊन ऐकत होते.

“सर, काढून टाकलं म्हनजे? पंधराशे छत्तीस नग होते.”

“अहो, ती वस्तू नव्हती. आभास होता.”

“वहीत हाये. वहीत आभासाचा रकानाच न्हाई.” कचरूबाबूंचा आवाज शांत होता. “शाळेची वस्तू काढायची तर वहीतून रीतसर निर्लेखन करावं लागतं. त्रिसदस्यीय समिती बसती. समितीला वस्तू मोडक्या अवस्थेत दाखवावी लागती. दाखवा.”

“काय दाखवू?”

“मोडकी मेमरी.”

सरांनी कपाळाला हात लावला. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत खडूचा तुकडा घरी नेला नव्हता, आणि आज पंधराशे छत्तीस नगांचा आळ! ‘आपणांस खुलासा सादर करण्याचे कळविण्यात येते’ असा कागद संध्याकाळी आला. जिच्या पोरांची नावं त्यांनी विनामूल्य पाठ केली होती, त्याच शाळेचा तो कागद होता. सरांना दोन घास कमी गेले.

समिती पाच जानेवारीला, रविवारसारख्या दिवशी नाही तर चांगल्या भर गुरुवारी, शाळा सोडून सरांच्या घरी आली. अध्यक्ष अण्णासाहेब, मुख्याध्यापक आणि चित्रकलेचे सर. वही काखेत घेऊन कचरूबाबू. आमंत्रण नसलेले अप्पा आणि बोलावून आणलेले महेमूदभाई. उषाबाईंनी पोहे केले. समितीने पोहे खाल्ले, यंत्राला पुढून-मागून बघितलं आणि ‘वस्तू पाहणीस उपलब्ध होऊ शकली नाही’ असा शेरा मारला.

“जाऊ द्या हो ते,” अण्णासाहेब चहा बशीत ओतत म्हणाले. “आलोच आहोत तर स्मरणिका दाखवा. द्वारकाबाईची लेक येनार आहे बारा तारखेला, बदनापूरहून. ‘माझ्या मायचं काय लिहिलं ते मला वाचून दाखवा’ म्हनली. मी शब्द दिलाय तिला. ते पान काढा. आन् फोटो? पन्नास वर्षांचे फोटो सगळे एकदम दिसू द्या.”

“सर, एकदम नको,” महेमूदभाई हळूच म्हणाले.

पण सरांना हीच संधी हवी होती. त्यांनी स्मरणिका उघडली आणि मग एकामागून एक फोटो उघडत सुटले. पायाभरणी, पहिली बॅच, सहलीत जांबच्या देवळापुढे ओळीने उभी पोरं, स्नेहसंमेलनातला अफजलखान. चाळीसपर्यंत यंत्राने तग धरला. एकेचाळिसाव्याला ते घुरघुरलं. सरांनी घाईघाईने ‘सेव्ह’ दाबलं. साठवणं अर्ध्यावर असतानाच पडद्याच्या मधोमध एक चौकोन आला आणि सगळं जागच्या जागी थिजलं.

“काय म्हनून राह्यलंय?” अण्णासाहेबांनी विचारलं.

सरांनी चौकोन जवळून वाचला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “मेमरी संपली म्हणतंय.”

“कुनाची?”

महेमूदभाई पुढे झाले. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. स्मरणिका उघडली, तर शंभर पानांवर रिकामे चौकोनच चौकोन, जसं काही कुणी सगळ्या शाळेला दार लावून बाहेरून कडी घातली होती. महेमूदभाईंनी तासभर झटापट केली, मग घाम पुसत विचारलं, “सर, दुसरी कॉपी कुठं ठेवली?”

“माझ्या डोक्यात,” सर म्हणाले. सवयीने म्हणाले.

समिती निघून गेली, महेमूदभाई तेवढे यंत्रापाशी राहिले. जाताना अण्णासाहेब एवढंच बोलले, “सर, त्या लेकीला मी शब्द दिलाय.” सर खुर्चीत ताठ बसले आणि आठवायला लागले. एक्क्याऐंशीची दहावी ‘अ’ आली, सगळी बावन्न. मुख्याध्यापकांची नावं सालासकट आली. द्वारकाबाईंपाशी येऊन मात्र गाडं अडलं. घंटा आठवली. पुढे काय? काहीतरी दुष्काळाचं होतं. काय म्हणाल्या होत्या त्या? सरांनी तो मजकूर टंकला होता, वाचला नव्हता. वर्षानुवर्षं जिच्या घंटेवर आपण वर्गात गेलो आणि बाहेर आलो, तिचं एक वाक्य आपल्याजवळ नाही, या जाणिवेने त्यांचा चेहरा उतरला. खरंच वाईट वाटलं त्यांना. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याची लाज वाटली.

“अगं,” ते आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, “त्या द्वारकाबाई काय म्हणाल्या होत्या गं?”

उषाबाई बाहेर आल्या. त्यांनी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि माळ्यावर चढल्या. पितळी घंगाळ सरकवल्याचा आवाज झाला. मग खाली आली एक फुगलेली फाईल. लाल नाडीने बांधलेली, धुळीने माखलेली. आत सगळे पाठकोरे कागद, तारीखवार, वर पानांचे आकडे घातलेले.

“मी तुला रद्दीत टाक म्हणालो होतो.”

“म्हनले होते.” उषाबाई फाईलवरची धूळ पदराने झटकत होत्या. “मी हो म्हनले होते. टाकलं न्हाई. मेलेल्या मान्साचं शेवटचं बोलनं असं किलोवर घालतात का कुठं?”

महेमूदभाई स्क्रू-ड्रायव्हर आपटत ओरडले, “हीच सर! हीच पेज फाइल! मी म्हनत होतो ना, माळा लागतो!”

पुढचे पाच दिवस उषाबाई वाचत होत्या आणि सर मुकाट्याने टंकत होते. महेमूदभाईंनी व्हर्च्युअल मेमरी होती तिथे, होती तेवढी परत लावली. या खेपेला सर मजकूर टंकता टंकता वाचतही होते. ‘पोटाला काय घड्याळ कळतं का’ या ओळीवर त्यांची दोन्ही बोटं थांबली आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

छापखान्याने दोन रात्री जागून काढल्या आणि बारा तारखेला स्मरणिकेचं प्रकाशन झालं. द्वारकाबाईंची लेक आली होती. उषाबाईंनी तिला मंडपाच्या कडेला बसवून ते पान वाचून दाखवलं. तिने स्मरणिका डोक्याला लावली आणि विचारलं, “हे असंच बोलली होती का हो माय?” उषाबाई म्हणाल्या, “असंच. शब्दाला शब्द.” तिकडे व्यासपीठावर सरांनी आभार मानले. चिठ्ठी न घेता बेचाळीस नावं घेतली, एकही चुकलं नाही. छापखाना, मंडपवाला, अण्णासाहेब, पुण्याचा विद्यार्थी, महेमूदभाई, अगदी जांबला जाऊन आल्याबद्दल अप्पाही. शेवटी ‘आणि ज्ञात-अज्ञात अशा सर्वांचे’ म्हणून ते टाळ्यांत खाली बसले. छापलेल्या पानावरही तेच होतं.

घरी आल्यावर उषाबाईंनी ते पान काळजीपूर्वक वाचलं.

“कसं झालंय?” सरांनी विचारलं.

“चांगलं झालं. तेवढं सांगा, ज्ञात-अज्ञातात मी कोनत्या बाजूला हाये?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून सरांना जास्त लागलं. बेचाळीस नावं पाठ असलेला माणूस ते पान हातात घेऊन त्रेचाळिसावं शोधत बसला. पुस्तक छापून झालं होतं. पाचशे प्रती वाटल्या गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरूबाबू वही घेऊन दारात. “सर, तुमचा खुलासा राह्यला. नग परत आले म्हन्तात, ते ठीक. पन मधल्या काळात ते होते कुठं आन् कुनाच्या ताब्यात, त्याची नोंद पायजे. जागा सोडता येत न्हाई.”

सरांनी वही मांडीवर घेतली. पेन मागितलं. ठळक अक्षरात, न थांबता लिहिलं : ‘व्हर्च्युअल मेमरी. सुस्थितीत. ठिकाण : संपादकाच्या घरी, माळ्यावर. ताबाधारक : सौ. उषाबाई धर्मराज गाढे. त्या नसत्या तर शाळेला काहीच आठवले नसते.’

कचरूबाबूंनी दोनदा वाचलं. “शेवटच्या वाक्याला रकाना न्हाई,” ते म्हणाले, “पन राहू द्या. ताबाधारकाची सही लागंल.”

उषाबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी वहीचं पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं, मग आतली नोंद वाचली. वर होता पृथ्वीचा गोल (फुटलेला), खाली सांगाडा (अपूर्ण), आणि मधे त्या.

“पन्नास वर्षांच्या शाळंत माझं नाव लावलं, ते जडवस्तूत होय?” त्या म्हणाल्या.  उषाबाईंनी पेन घेतलं, पूर्ण नावानिशी सावकाश सही केली आणि वही कचरूबाबूंच्या हातात परत दिली.

“ह्याची एक नक्कल द्या, भाऊ. फाईलला लावून ठेवते.”